गुडघ्यांचा ठिय्या

तीस वर्षं एसटीत उभ्यानं तिकिटं फाडणाऱ्या द्वारकाबाई खराट्यांना आज सकाळी जावयानं उचलून कंपनीच्या सोफ्यावर आणून बसवलं होतं. कंपनीनं जुन्या मॉडेलचा वायरलेस सिग्नल बंद केला, तेव्हापासून त्यांचे यांत्रिक गुडघे वाकले ते वाकलेच होते.

“मावशी, तुम्हाला नवे गुडघे फुकट देतो, पण आता उठा,” मॅनेजर काकुळतीला आला.

“माझ्या एकटीचं नको. आमच्या तालुक्यात तीनशे जण असेच बसलेत. गुडघ्यांतला प्रोग्रॅम सगळ्यांना खुला करा, आमची आयटीआयची पोरं दुरुस्त करतील.”

“तो कंपनीचा आहे. देता येणार नाही.”

द्वारकाबाईंनी फडक्यातली भाकरी मांडीवर सोडली.

“मग गुडघेही कंपनीचेच,” त्या म्हणाल्या. “उठवा बघू!”