बसा बघू!

सासूबाई बाथरूममध्ये घसरल्या आणि मी हॉलमध्ये ज्यातून बोलता येतं असा कॅमेरा लावला. त्या खुर्चीतून जरा उठल्या, की मी ऑफिसात बसून त्यातून ओरडायचे, "आई, बसा बघू! मला एक रांगतं पोर पुरे आहे."

"अगं, पाणी तरी घेऊ दे. जेलर कुठली!" त्या हसायच्या, पण बसायच्या.

वर्षभराने डॉक्टरांनी त्यांची मांडी दाबून पाहिली. "हाडं ठणठणीत आहेत. बसून बसून स्नायू गेलेत. दिवसातून दहा वेळा उभं राहायचं."

आज मी कॅमेऱ्यातून म्हटलं, "आई, उठा ना."

त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरून तीनदा जोर लावला. मग तशाच बसून कॅमेऱ्याकडे बघत म्हणाल्या,

&nbsp;

"मिटली बघ तुझी काळजी."