परतलेला जादूगार

डिंपलची केमो चालू होती तेव्हा चारुलताने या धाकट्या बहिणीसाठी एक कादंबरी लिहिली. दोन राजकन्यांपैकी थोरली जादूगाराला राज्याबाहेर हाकलते, तिथे कादंबरी संपली. डिंपलही बरी होऊन एरंडोलच्या शाळेत पुन्हा शिकवू लागली.

दोन वर्षांनी चारुलता दुसरा भाग लिहायला बसली. जादूगार परत आला, पण त्याला हरवायचं कसं, ते काही केल्या सुचेना. पाच दिवस ती लिहीत होती आणि चिडून कागद फाडत होती.

शनिवारी डिंपलने टोपलीतले तुकडे जुळवून वाचले.

“अक्का, माझ्या जळगावच्या तपासणीचा रिपोर्ट तुझ्या मोबाइलवर आला ना?”

चारुलताने मान खाली घातली.

“मला सांगायचं सोडून एकटीच लढत बसलीस. दर वेळी थोरलीच लढते आणि धाकटी नुसती पडून असते. वैताग आलाय मला याचा.”

तिने चारुलताच्या हातातलं पेन ओढून घेतलं आणि कोऱ्या कागदावर लिहिलं, ‘थोरली राजकन्या पाच दिवस झोपली नव्हती. धाकटीने आधी तिला झोपवलं आणि मग स्वतःची तलवार शोधायला घेतली.’