दिवसपाळीचं चाक

चाक थांबेना, तेव्हा नूतनला आधी आनंदच झाला. पांडेसऱ्यातल्या कारखान्यांच्या वस्तीत, एका गाळ्यात, लेथच्या शेजारी स्टँडला टांगलेल्या मागच्या चाकाला तिने सहज एक टिचकी मारली होती. मध्यभागी परदेशी हब लावलेली चाकंही एवढ्यात दमली असती. हे मात्र फिरतच होतं, आणि हबमधून बारीक टकटक येत होती.

"बेअरिंग कुठली टाकली, गजेंद्रभाऊ?"

"साधीच, ताई. बाजारातली." गजेंद्र चाकाकडे न बघता म्हणाला.

डोंगरात चालवायच्या महागड्या सायकलींचे सुटे भाग पारखणं हे नूतनचं कामच. मालाची भीड नाही आणि मालकाची तर नाहीच नाही, अशी तिची ख्याती. तिने मान डोलावली की पुण्याचा व्यापारी गजेंद्रचे हब उचलणार होता. आयुष्यभर यंत्रमागाचे पार्ट घडवलेल्या या माणसाने खपून खपून हा एक नमुना बनवला होता. काळाभोर, गुळगुळीत, हातात घेतला तर वजनच कळू नये. टिचकी मारण्याआधी दुपारभर तिने त्याला छळ छळ छळलं होतं. एक्सल, म्हणजे हबमधला आस, धरून हलवला, आडव्या चाकावर उभी राहिली, हब खोलला, पुसला, पुन्हा बसवला. खोट म्हणून सापडेना. आता उद्या ते चाक सापुताऱ्याच्या उतारावर पिटाळायचं, एवढीच परीक्षा बाकी होती.

चहा आला, पिऊन झाला. चाक फिरतच होतं. नूतनच्या कपाळाला आठी पडली. तिने पंखा बंद केला. हब खोलला तेव्हा आतली एखादी मोटार नजरेतून सुटली तर नाही ना, म्हणून तिने खाली वाकून कान लावला. मघाची टकटक बदलली होती. खट-धाड, खट-धाड. बमरोलीत, मागांच्या वस्तीत जन्मलेल्या पोरीला हा ठेका कुणी सांगावा लागत नाही. माग चालू होता. गाळ्यात तर एकही माग नव्हता.

तिने हातमोजा चढवला आणि टायर घट्ट धरला. चाक थांबलं, पण तळव्याखाली ओढ घेऊ लागलं. कामाच्या घाईत कुणी आपला हात सोडवून घ्यावा तसं.

"थांबाडू नको व माय. त्यानी पाळी सरनी नही आजून."

दारात गजेंद्रची आई, प्रमिलाबाई, डबा घेऊन उभी होती. नूतनने हात काढला, तसं चाक पुन्हा लागलं कामाला. म्हातारी आत आली आणि स्टुलावर बसून, स्टेशनवर गाडीची वाट बघावी तशी, त्याच्याकडे बघत राहिली.

"कुणाची पाळी?" नूतनने हळूच गजेंद्रला विचारलं.

"सुकदेवची. माझा थोरला भाऊ." गजेंद्रने मान खाली घातली. "मागात सदरा अडकला, ताई, आणि तो गेला. शेठने माग भंगारात काढला. मी त्याचा शाफ्ट, तो फिरता दांडा, शेठकडून मागून आणला. तसलं पोलाद आता मिळत नाही हो. जीव अडकला माझा त्यात. त्याचाच हा एक्सल केला."

"आणि मग?"

"आई रोज येते, हात लावते. एकदा लागलं की पाळी सुटेपर्यंत थांबत नाही."

नूतन चाकापासून मागे सरकली. "हे माहीत असून मला दाखवलं?"

"एकदा इथून बाहेर पडू दे त्याला," गजेंद्र म्हणाला. "डोंगर बघू दे. मेल्यावरही किती दिवस माग चालवायचा त्याने?"

तेवढ्यात बाहेर कुठल्याशा मिलचा पाळी सुटल्याचा भोंगा झाला. चाक जागच्या जागी थांबलं. मंदावलं सुद्धा नाही.

प्रमिलाबाईने डबा उघडून भाकरी काढली. मग तांब्या उचलून हबवर पाण्याची धार धरली. "हात धोई ले, बेटा."

फरशीवर ओघळलेलं पाणी काळं होतं, तेलकट. तो हब नूतनने स्वतःच्या हाताने पुसून कोरडा केला होता.

गजेंद्रने चाक स्टँडवरून सोडवलं आणि तिच्यापुढे केलं. "न्या, ताई. पाया पडतो तुमच्या."

"कोठे लई चालना त्याले?" प्रमिलाबाईने मुलाला अडवून विचारलं. आवाजात राग नव्हता. एका हातात भाकरी तशीच होती, दुसऱ्या हाताने तिने स्पोक गच्च धरले होते.

नूतनने त्या दोघांकडे पाहिलं. इतकं देखणं, इतकं निर्दोष चाक तिच्या हातात आजवर आलं नव्हतं. खोटं बोलायची तिला सवय नव्हती.

"मी नाही नेत," ती म्हणाली. "नापास आहे हे. दुसरं करा, नव्या पोलादाचं. मी पुन्हा येईन."

"नवं पोलाद असं फिरत नाही, ताई," गजेंद्र म्हणाला आणि मटकन खाली बसून रडायला लागला.

प्रमिलाबाईने चाक मांडीवर ओढून घेतलं. पदराने त्याचा हब पुसला, आणि दुखावल्या नजरेने नूतनकडे पाहिलं.

"नापास कसा करस त्याले?" ती म्हणाली. "एक बी खाडा नही त्याना."