तनाख्याच्या खुणा

"खूण फार भराभर वर चढली, तर आधी मला बोलवा," व्यायाम शिकवायला येणाऱ्या सयामांनी, म्हणजे बाईंनी, बजावलं होतं.

खिन सूला तेव्हा हसूच आलं. बरं होण्याची कुणी तक्रार करतं का?

तिच्या सासूचा, अमेंचा, उजवा खांदा मोडला होता. शस्त्रक्रिया होऊन आत धातूची पट्टी बसली. आता भिंतीवर बोटांनी चढत चढत हात रोज थोडा वर न्यायचा होता. कुठवर पोचला ते दिसावं म्हणून अमे बोटं तनाख्यात बुडवायच्या. खिन सू सकाळी लेकीच्या, यूनच्या, गालांना लावायला सहाणेवर उगाळायची, तेच झाडाच्या सालीचं पिवळसर गंध.

व्यायाम दार लावून चाले.

"मी बसते ना जवळ," खिन सू म्हणे.

"कण्हताना कुणी बघितलं की माझा हात आखडतो. जा, पोरीकडे बघ."

नवरा जहाजावर. शाळेतून निरोप आला होता, उघडायच्या दिवशी रुजू व्हा, नाहीतर जागा दुसरीला देऊ. सहा महिन्यांच्या यूनला सांभाळायला अमेंशिवाय कोणी नव्हतं. खिन सू रोज आधी भिंत बघायची, मग चूल पेटवायची.

खुणा चढत गेल्या. खिडकीच्या चौकटीपर्यंत. मग कॅलेंडरपर्यंत.

अमेंची तब्येतही खुलली. चहाचा कप स्वतः आणून द्यायला लागल्या, तोही उजव्या हाताने, डावा हात कोपराखाली धरून.

"अमे, मी काय कुणी भिक्षू आहे? एवढा मान!"

"मास्तरीण होणार ना परत? आतापासून सवय करते."

दोघी हसल्या.

शाळा उघडायच्या आदल्या संध्याकाळी कॅलेंडरच्याही वर अख्खा पंजा उमटला होता. खिन सूने फोटो काढून नवऱ्याला पाठवला. तरी तिचा जीव राहीना.

"एकदा यूनला उचलून दाखवा ना."

"आत्ताच डोळा लागलाय तिचा. उठवलीस तर रात्रभर तूच नाचव." मग हळूच म्हणाल्या, "थमी, पोरी, नोकरी सोडू नकोस. मी सोडली होती. दहा वाजता टबात बसवून छान अंघोळ घालेन हिला."

सकाळी खिन सू निघाली तेव्हा यून चटईवर खेळत होती. अमे शेजारी बसून डाव्या हाताने खुळखुळा वाजवत होत्या.

पहिल्याच तासाला एक चिमुरडी फुलं घेऊन आली. उजवा हात पुढे, डावा कोपराखाली. मोठ्यांना काही देताना सगळीच मुलं असं देतात. खिन सूने फुलं घेतली. मुलगी जागेवर जाऊन बसली तरी ती तिच्या कोपराकडेच बघत राहिली.

मोठी माणसं धाकट्यांना असं कधी देत नाहीत. डाव्या हाताचा आधार काढला असता, तर तो कप वर आला असता का?

तिने फोनवर तो फोटो उघडला. शेजारी टेबलावर आपला उजवा पंजा टेकवला. अंगठा डावीकडे आला.

भिंतीवरच्या पंजाचा अंगठा उजवीकडे होता.

घरी फोन वाजत राहिला. कोणी उचलेना. तिने शेजारच्या आँटी सानना लावला. समोर घड्याळात दहा वाजून गेले होते.

"आँटी, काही विचारू नका. आमच्याकडे धावत जा, आणि आधी टबात बघा."