नात्याचा रकाना

"'सून' घेत नाहीये हो," हॉस्पिटलच्या पास-काउंटरवरची बाई कीबोर्डवर बोट आपटत म्हणाली. "कितीदा टाकलं, लाल पट्टीच येते."

सुनेच्या हातात सासूच्या कवळीची डबी होती. ऑपरेशनला नेताना काढून दिलेली. बोळक्या तोंडाने सासू आरशातसुद्धा बघायची नाही. आता शुद्धीवर आली, की आधी आपल्यालाच शोधणार, याची सुनेला खात्री होती. पण पासाशिवाय आत सोडत नव्हते.

तिने परगावी गेलेल्या नवऱ्याला फोन लावला. हॉस्पिटलचं हे सॉफ्टवेअर त्याच्याच कंपनीचं, आणि त्यातलं पासांचं टेबल, म्हणजे नोंदींचा तक्ता, तर त्याने स्वतः बांधलेलं. जेवताना रोज तेच पुराण चालायचं.

"अगं, नात्याच्या रकान्यावर मीच बंधन घातलंय," तो कौतुकाने म्हणाला. "पती, पत्नी, आई, वडील, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण. बस्स! लोक वाट्टेल ते भरायचे. शेजारी काय, मानलेला भाऊ काय! आता यातलं नसेल ते टेबल आत घेतच नाही."

"आणि सून?"

"सुचलंच नाही गं."

त्याच्या आईची औषधं, पथ्यं, रात्रीची उठबस, सगळं हिच्या गळ्यात. आणि ह्याला सुचलं नाही! ती एवढंच म्हणाली, "मग आता घाल की."

"चालू टेबलला असा हात लावता येत नाही. वरून परवानगी लागते. तू 'मुलगी' टाक ना. आई तेच तर सांगते सगळ्यांना."

तेवढं मात्र खरं. घरी कुणी आलं, की सासू हिच्या पाठीवरून हात फिरवायची. "सून कसली, मुलगीच आहे माझी!" येणाऱ्यांचे डोळे भरून यायचे, आणि ही चहा टाकायला आत पळायची. आवडायचं तिला ते ऐकायला, का खोटं बोला.

"मुलगी टाका," ती म्हणाली. हिरवी पट्टी आली, पास निघाला.

दारावरच्या नर्सने पास वाचला आणि खाटेकडे वळून मोठ्याने विचारलं, "आजी, तुमची मुलगी आलीये. सोडू ना आत?"

सासूने मान वळवली. सुनेकडे नीट बघितलं. ओळखलं तिने, चांगलंच ओळखलं.

"मला मुलगी नाही," ती म्हणाली. "एकच मुलगा आहे. तो कधी येतोय?"

नर्सने पास काढून घेतला. "असं खोटं नातं लावायचं नाही हो, ताई."

दार लागता लागता आतून सासूची हाक आली.

"अहो सिस्टर, माझे दात तेवढे घेऊन ठेवा तिच्याकडून."