कार्डवाला घे

मेघाने दोन्ही लॅपटॉप काउंटरवर शेजारी शेजारी ठेवायला लावले. किंमत जवळपास सारखीच. एकात ग्राफिक्स कार्ड मोठं, प्रोसेसर बेताचा. दुसऱ्यात प्रोसेसर दमदार, कार्ड मध्यम.

"गेमिंगसाठी म्हणाल तर सगळे कार्डच बघतात," दुकानदार जितेंद्र म्हणाला.

"आमच्या गेमला कार्डावर तेवढा भार येत नाही. एका वेळी दहा जण पळत असतात, कोण कुठे आहे हे सगळं प्रोसेसर बघतो. तो धापा टाकायला लागला, की मोठं कार्ड नुसतं वाट बघत बसतं."

शालिग्राम लेकीकडे बघतच राहिला. कॉलेजसाठी ती सोनगीर सोडून धुळ्यात खोली घेऊन राहायला लागली, तेव्हापासून एवढं ठासून बोलताना त्याने तिला ऐकलं नव्हतं.

"म्हंजे मोटार मोठी आन इहिरले पानीच नही, असंच ना?"

"तसंच, नाना!" मेघा हसली. "प्रोसेसरवाला द्या."

जितेंद्र खोकं काढायला वळला. मेघाने दोन्ही लॅपटॉपचे फोटो काढले आणि कुणाला तरी पाठवले. फोन हातातच थरथरला. तिने वाचलं. चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"नको. कार्डवाला द्या."

"अहो ताई, आत्ताच तर तुम्ही…"

"कार्डवालाच."

शालिग्राम तिच्याजवळ सरकला. "कोन म्हनी ऱ्हायना असं?"

"कॅप्टन. आमच्या टीमचा. दीड वर्षापासून ऑनलाइन सोबत खेळतो."

"तुले बठ्ठं समजस, मंग त्याले कसाले इचारस?"

मेघाने मान खाली घातली. "नाही ऐकलं की तो चिडतो, नाना. माझ्या खोलीतली ती कामिनी होती ना, तीही टीममध्ये होती, तिने एकदा त्याचं ऐकलं नाही. शेवटी तिला कॉलेजच सोडावं लागलं."

"त्यानं तोंड तरी देखं शे का तुनी?"

"नुसता आवाज ऐकलाय."

"ऱ्हास कोठे?"

"सांगत नाही कुणाला."

शालिग्रामने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पाचच्या गाडीने तो गावी परतणार होता आणि पोरगी एकटी खोलीवर जाणार होती.

फोन पुन्हा थरथरला. या वेळी त्याने हात पुढे केला. मेघाने फोन छातीशी घट्ट धरला, मग हळूच त्याच्या हातात दिला.

'नानांना बसायला सांग. केव्हाचे उभे आहेत.'

शालिग्रामने दोनदा वाचलं.

"मी उभा शे म्हनीसन तुनी सांगं का त्याले?"

"नाही. फोटोत तर नुसते लॅपटॉप होते, नाना."

दुकानाची समोरची बाजू सगळी काचेची होती. पलीकडे भर दुपारचा रस्ता. रसवंतीपाशी, उभ्या मोटारसायकलींवर, पानटपरीच्या सावलीत पंधरा-वीस माणसं. बहुतेकांच्या माना हातातल्या मोबाइलमध्ये.

शालिग्रामने लेकीला आपल्या पाठीमागे घेतलं. मग काचेवरची नजर न काढता त्याने जितेंद्रला हळू आवाजात विचारलं,

"भाऊ, दुकानाला मागून दार आहे का?"