दाराआडची मुलाखत

नवऱ्याने भिंतीवर आपटलेला लॅपटॉप उचलून शलाकाने बेडरूमचं दार आतून लावलं. तिचा ओठ फाटला होता. विक्रांतने फोन आधीच हिसकावून घेतला होता आणि नोकरीची ऑनलाइन मुलाखत आता सुरू व्हायची होती.

लॅपटॉप चालू केला, तर विंडोज येईचना. नुसत्या सेटिंगचा निळा पडदा उघडला. त्यात डिस्कचं नावच नव्हतं. लग्नाआधी ती कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात काम करायची. आदळल्यामुळे डिस्क सुटली असणार, हे तिने ओळखलं.

“उघड! नोकरी करतेस होय? तंगडं मोडून ठेवीन!” विक्रांत दारावर लाथा घालत होता.

खणातल्या जुन्या स्क्रूड्रायव्हरने तिने मागचे बारीक स्क्रू काढले. डिस्क खाचेतून निसटली होती. ती दाबून बसवली आणि लॅपटॉप पुन्हा चालू केला. हनुवटीवरून ठिबकलेलं रक्त कीबोर्डवरून पुसेपर्यंत विंडोज सुरू झालं. तिने मुलाखतीची लिंक उघडली. मुलाखत घेणारे तिघे पडद्यावर दिसले, तोच कडी उखडून दार उघडलं.

विक्रांतने केसांना धरून तिचं डोकं टेबलावर आपटलं.

“सोड तिला!” लॅपटॉपमधून एक बाई किंचाळली.

तो दचकला. तीन अनोळखी माणसं त्याच्याकडे पाहत होती. त्याने लॅपटॉप मिटायला हात घातला, तशी शलाका त्याच्या मनगटाला कडकडून चावली. तो कळवळून मागे सरला.

“मी पोलिसांना फोन लावलाय,” बाई म्हणाली. “तुमचा पत्ता सांगा.”

शलाकाने तोंडातलं रक्त थुंकलं आणि खणखणीत आवाजात पत्ता सांगितला, पिनकोडसकट.